काटेसाहेबांचा थुलथुलीत साबण

साबण बाजारात विकत मिळतो, ही गोष्ट काटेसाहेबांना ठाऊक नव्हती असं कुणी समजू नये. उलट साबणाची त्यांना जितकी माहिती होती तितकी तो बनवणाऱ्यांनाही नसेल. वडीवर वजन किती छापलंय, प्रत्यक्षात किती भरतं, आणि वडीच्या पोटाला तो गोंडस खळगा कशासाठी ठेवलेला असतो, हे ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. वजनमापे खात्यात त्यांनी उभी हयात काढली होती. दुकानादुकानांतले तराजू आणि काटे तपासायचे, खोटे निघाले तर त्यांना 'नादुरुस्त' अशी लाल चिठ्ठी बांधायची, आणि दुकानदाराच्या विनवण्यांकडे ढुंकून पाहायचं नाही. त्यांचं खरं आडनाव काही वेगळंच होतं. पण काट्यांच्या मागे लागून लागून ते काटेसाहेब झाले आणि निवृत्तीनंतरही तसेच राहिले.

तर अशा माणसानं, डोक्यावरचे केस आणि अंगावरची नोकरी दोन्ही गेल्यावर, स्वतःच्या स्वयंपाकघरात जेलीचा साबण का बनवायला घ्यावा? इमारतीत याची वेगवेगळी कारणं सांगितली जात. समोरच्या मावशींचं म्हणणं असं, की निवृत्त पुरुषाला घरात मोकळा सोडला की हे असंच होतं. त्यांचे यजमान निवृत्तीनंतर घड्याळं उघडायला लागले आणि आता मावशींना वेळ विचारायला शेजारी जावं लागतं. इमारतीच्या चिटणिसांचं म्हणणं, की हा सरळसरळ धंदा आहे.

खरं कारण एक आवाज होता.

रोज सकाळी काकू आंघोळीला जात. काकू म्हणजे काटेसाहेबांची बायको. सगळी इमारत त्यांना काकू म्हणते, म्हणून आपणही म्हणू. दाराला आतून कडी लागे, शॉवर सुरू होई, जरा वेळ नुसता पाण्याचा आवाज येई, आणि मग 'धप्'. साबण पडला. मग शांतता. काकू वाकतायत, साबण शोधतायत. पुन्हा पाणी. पुन्हा 'धप्'. बाहेर काटेसाहेब वर्तमानपत्र धरून उभे असत. वाचत असत असं म्हणवत नाही, कारण एकदा मावशींनी पाहिलं तेव्हा पेपर उलटा होता.

झालं होतं असं, की पडदे लावताना काकू स्टुलावरून पडल्या. वर काकू, काकूंच्या हातात पडदा, आणि खाली उभे राहून काटेसाहेब 'जरा डावीकडे, बोटभर वर' अशी मापं देत होते. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, यथावकाश काढलं. हाड जुळलं, पण बोटं रुसली. मूठ मिटेना. साबण धरला की निसटायचा, पेला धरला की कलंडायचा. काकू कुणाला मदतीला येऊ देत नसत आणि तक्रारही करत नसत. तक्रार करणारं माणूस परवडलं हो. निदान उत्तर तरी देता येतं.

हात कुणाचाही मोडू नये, पण हा हात साधा नव्हता. काकू पोस्टात पार्सलच्या खिडकीवर होत्या. पार्सल उजव्या तळव्यावर घ्यायचं, एकदा अल्लाद वरखाली करायचं आणि वजन सांगायचं. काटा नंतर, नुसता नावाला. तरुणपणी काटेसाहेब त्या पोस्टात तपासणीला गेले तेव्हा काट्यात खोट निघाली, हातात निघाली नाही. काट्याला लाल चिठ्ठी बांधली, आणि हाताला मागणी घातली. तेव्हापासून या घरात एक रिवाज होता. काटेसाहेब भाजीची पिशवी पुढे करत, काकू ती तोलून म्हणत, "पाऊण किलो, आणि वर एक मिरची." मग काटेसाहेब ती काट्यावर ठेवत, बघत, आणि म्हणत, "बरोबर." लोकांच्या घरी नवरे फुलं आणतात. इथे भाजी तोलली जायची, आणि दोघांचं त्यात भागत होतं.

प्लास्टर निघाल्यावर काटेसाहेबांनी सवयीनं पिशवी पुढे केली. काकूंनी हात मागे घेतला. "नको हो," त्या म्हणाल्या, "हात मेलाय माझा." काटेसाहेबांनी पिशवी ओट्यावर ठेवली. त्यानंतर त्यांनी ती कधी पुढे केली नाही. मात्र रोज सकाळी काकू उठायच्या आधी ते घरातल्या सगळ्या डब्यांची आणि बरण्यांची झाकणं अर्धवट सैल करून ठेवत, म्हणजे काकूंना कुणाला हाक मारावी लागू नये. साखरेला मुंग्या लागल्या.

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक तरतरीत मुलगी होती. तिनं एक पिवळा मऊ चेंडू दिला होता. "काकू, हा रोज दाबायचा. वेळ मिळेल तेव्हा दाबायचा. नाही दाबला तर बोटं अशीच राहतील, मग पुढे मलाही काही करता येणार नाही." तिनं हे हसत सांगितलं, पण काटेसाहेबांनी ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं. घरी आल्यावर काकूंनी तो चेंडू एकदा हातात घेऊन निरखून पाहिला. त्यावर दोन डोळे आणि एक हसरं तोंड काढलेलं होतं. काकूंनी तो कपाटाच्या खालच्या खणात टाकला.

"अगं, दाबायचाय ना तो?"

"मी नाही दाबणार. मी दाबायला लागले की तो माझ्याकडे बघून हसतो."

मूठ मिटत नसली तरी मान तशीच ताठ होती.

साबणावर उपाय शोधायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. काटेसाहेबांनी पातळ साबणाची बाटली आणली. जांभळी, लव्हेंडरच्या वासाची, मोठी. काकू म्हणाल्या, "बाटलीतला साबण भांड्यांना. मी काय कढई आहे?" मावशींनी सुचवलं, की साबणाला भोक पाडून दोरी ओवावी आणि ती गळ्यात घालावी, म्हणजे पडायचा प्रश्नच नाही. काकूंनी मावशींकडे असं पाहिलं, की मावशी चहा अर्धा टाकून घरी गेल्या. तळमजल्याच्या वर, म्हणजे काटेसाहेबांच्या बरोबर खाली, एक विमावाले राहत. त्यांनी सुचवलं, की आधी दोघांचा विमा उतरवून घ्यावा, साबणाचं नंतर बघता येईल.

आणि मग मुलीचा फोन आला. मुलगी दूर गावी असते, तिला दोन कार्टी आहेत आणि ती कार्टी आंघोळ करत नाहीत. "बाबा, मी त्यांच्यासाठी घरी जेलीचा साबण केलाय! पातळ साबण घ्यायचा, गरम पाण्यात जिलेटीन विरघळवायचं, दोन्ही एकत्र करून फ्रीजमध्ये ठेवायचं. मस्त थुलथुलीत होतो. हातात धरला की बोटं रुततात त्यात."

"बोटं रुततात?" काटेसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

"हो, म्हणजे निसटत नाही सहसा."

काटेसाहेबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कडक साबण निसटतो कारण त्याला मूठ लागते. मऊ साबणात बोटं रुतली की मूठ हवीच कशाला? जांभळी बाटली तर घरात पडूनच होती. "प्रमाण सांग," ते म्हणाले.

"एक कप पाणी, एक कप साबण, जिलेटीनचं एक पाकीट."

"कप म्हणजे किती?"

"बाबा, कप म्हणजे कप!"

ज्या माणसानं आयुष्यभर 'ओंजळ', 'मूठ' आणि 'चिमूट' या शब्दांविरुद्ध लढा दिला, त्याला पोटच्या मुलीनं हे ऐकवावं! त्यांनी घरातले सगळे कप ओट्यावर मांडले आणि मापाच्या नळीनं एकेक मोजला. एकाचंही माप दुसऱ्याशी जुळेना. आपण इतकी वर्षं पाहुण्यांना कमीजास्त चहा देत आलो, हे ध्यानात येऊन त्यांना मनस्वी वाईट वाटलं. शेवटी त्यांनी एका निळ्या कपाला प्रमाण कप घोषित केलं आणि त्यातून चहा पिण्यास काकूंना मनाई केली.

किराणावाल्याकडे जिलेटीनचं पाकीट मागितलं तेव्हा तो प्रेमानं म्हणाला, "वा साहेब, जेली? कुणाचा वाढदिवस?"

"वाढदिवस नाही. आंघोळीसाठी हवंय."

किराणावाल्यानं पाकीट गुपचूप पिशवीत घातलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी येऊन काटेसाहेबांनी पाकीट फोडून तोललं. आत छापल्यापेक्षा कमी पूड भरली. आता दुसऱ्या कुणी ती सरळ पातेल्यात ओतली असती. काटेसाहेब पाकीट घेऊन थेट आपल्या जुन्या कचेरीत गेले. तक्रारीच्या खिडकीवर त्यांच्याच हाताखाली तयार झालेला मदतनीस बसला होता. तो उठून उभा राहिला, त्यानं खुर्ची पुसून दिली, घरची विचारपूस केली, आणि मग मान खाली घालून म्हणाला, "साहेब, पाकीट उघडलेलं आहे. उघडलेल्या मालाची तक्रार घेता येत नाही."

"हा मूर्ख नियम कुणी केला?"

मदतनिसानं टेबलावरचे कागद सारखे केले. "तुम्हीच, साहेब."

अपमान गिळून माणूस घरी आला की त्याच्या हातून काहीतरी होतंच. त्या संध्याकाळी काटेसाहेबांनी जिलेटीन मोजायला घेतलं आणि तिथे त्यांचा सगळा पिंड आडवा आला. खात्यात त्यांनी प्रत्येक दुकानदाराला एकच गोष्ट बजावली होती: काटा बरोबरीत ठेवू नका, गिऱ्हाइकाला झुकतं माप द्या. इथे गिऱ्हाईक कोण, तर काकू. मग हात आखडता घ्यायचा? त्यांनी पाकिटातली तूट येताना आणलेल्या दुसऱ्या पाकिटानं भरून काढली, वर झुकतं माप दिलं, आणि काकूंचा हात डोळ्यांपुढे आल्यावर आणखी थोडं झुकवलं.

सकाळी फ्रीजमधून जे निघालं ते जांभळं होतं, चकचकीत होतं, आणि साच्यातून निघायला तयार नव्हतं. सुरी घातली तर सुरी वाकली. शेवटी वाटी उपडी करून आपटली, तशी ती वडी निघाली, फरशीवर पडली, उसळली, फ्रीजच्या दाराला लागली आणि टप्पे खात काकूंच्या पायाशी येऊन थांबली.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"साबण. तुझ्यासाठी." काटेसाहेबांनी वडी उचलून पुसली. "जरा दाबून बघ."

काकूंनी डावा हात पुढे केला. काटेसाहेबांनी वडी मागे घेतली. "उजव्यानं. डाव्या हाताचा निर्णय मला मान्य नाही."

यात त्यांचा काही कावा होता असं कुणी म्हणेल, तर ते चूक आहे. काटेसाहेबांना कावा जमत असता तर ते खात्यात फार वर गेले असते. इतकी वर्षं या घरात तोलायचं काम उजव्या हातानं केलेलं होतं. तपासणी ठरलेल्या साधनानंच व्हायला हवी, एवढाच त्यांचा नियम होता. काकूंनी वैतागून उजवा हात पुढे केला, वडीभोवती बोटं आणली, दाबायचा प्रयत्न केला. कपाळावर आठी पडली.

"हा साबण नाही. टायर आहे."

काटेसाहेबांनी तो टायर बाजूला ठेवला आणि दुसऱ्या दिवशी जिलेटीन इतकं कमी घातलं, की साबण जमलाच नाही. पातेलंभर जांभळा रस्सा तसाच राहिला. ते स्वच्छतेचे भोक्ते. त्यांनी तो बाथरूमच्या मोरीत ओतला आणि वर सढळ हातानं गरम पाणी सोडलं.

थोड्या वेळानं दारावरची बेल वाजली. दारात विमावाले होते. कमरेला टॉवेल, अंगात सदरा, गळ्यात टाय. बहुधा कुठेतरी निघायच्या तयारीत होते. गुडघ्यापर्यंत पांढराशुभ्र फेस.

"साहेब," ते अतिशय शांतपणे म्हणाले, "माझ्या बाथरूममध्ये ढग आलाय. तो आता दिवाणखान्यात येतोय."

काटेसाहेब बादली आणि खराटा घेऊन खाली धावले. ढगाला खराट्यानं मारलं की त्याचे दोन ढग होतात, हे त्या दिवशी दोघांना कळलं. मावशी जिन्यातून सल्ले देत होत्या: मीठ टाका, पंखा लावा, पंखा बंद करा. विमावाल्यांची मुलं मात्र त्या दिवशी आपणहून आंघोळीला बसली आणि उठायला तयार होईनात, हे विमावाल्यांच्या बायकोनं नंतर कौतुकानं सांगितलं. विमावाल्यांना त्याचं कौतुक वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या फळ्यावर चिटणिसांची सूचना झळकली. 'निवासी इमारतीत साबणाचा कारखाना चालवला जात असल्याचे समितीच्या निदर्शनास आले असून समिती प्रत्यक्ष तपासणीस येईल.' काटेसाहेबांनी ती वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. फेसाचं त्यांना काही वाटलं नव्हतं. पण तपासणी! त्यांच्या घराची! आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांच्या दारात 'तपासणी' म्हणून पाऊल टाकलं, त्यांच्या दारात आता लोक पाऊल टाकणार होते.

"येऊ देत," काकू म्हणाल्या. "आपल्याकडे आहे काय? एक टायर आणि एक वेडा माणूस."

समितीला यायला आठवडा लागला, आणि तोवर काटेसाहेबांचे प्रयोग काही थांबले नव्हते. समिती म्हणजे चिटणीस, विमावाले आणि समितीत नसूनही मावशी. चिटणिसांनी ओटा पाहिला, निळा कप उचलून पाहिला. काटेसाहेब घाईनं म्हणाले, "तो प्रमाण कप आहे, जरा जपून." चिटणिसांनी तो जपून ठेवला. मग फ्रीज उघडला. आत कुठे वांगी, कुठे टोमॅटो, आणि बाकी सगळीकडे वाट्या. घट्ट, सैल, मध्यम, सगळ्या जांभळ्या, आणि दार उघडल्याच्या धक्क्यानं सगळ्या एकदम डुलायला लागलेल्या. चिटणीस एक पाऊल मागे सरकले.

तोवर काकूंनी डाव्या हातानं कसाबसा चहा केला होता. दूध फ्रीजमधलं, आणि रात्रभर त्या वाट्यांच्या शेजारी राहिलेलं. पहिला घोट घेताच विमावाल्यांनी कप खाली ठेवला. मावशींनी काकूंकडे पाहिलं. काटेसाहेबांनी घोट तोंडात तसाच ठेवला. चहाला लव्हेंडरचा असा घमघमाट होता, की अंग पुसायला टॉवेल मागावासा वाटत होता. चिटणिसांनी मात्र डोळे मिटून कप संपवला.

"काकू," ते हळूच म्हणाले, "चहाची पूड कुठली वापरता?"

"साधीच," काकू म्हणाल्या. "साहेबांच्या हाताला गुण आहे."

चिटणिसांनी दुसरा कप घेतला. दुसऱ्या दिवशी फळ्यावरची सूचना गेली. त्या जागी 'मोरीत गरम पाणी बेताने सोडावे' एवढंच लिहिलेलं होतं.

समिती जिना उतरली तेव्हा काकू दाराशी उभ्या होत्या, आणि दार लागताच त्या हसायला लागल्या. पडल्यापासून पहिल्यांदाच. तो चेहरा, तो कप, ते "पूड कुठली वापरता". डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. काटेसाहेब तिथेच उभे राहून बघत राहिले. साबण जमला नाही तरी चालेल, असं त्यांना क्षणभर वाटून गेलं. पण क्षणभरच, निरीक्षकाचा पिंड होता.

मग रोजच नवी वाटी काकूंपुढे येऊ लागली. रोज सकाळी काटेसाहेब वाटी उपडी करत आणि म्हणत, "दाबून बघ." रोज काकू उजवा हात पुढे करत. "ढिला." "हा बरा आहे, पण चिकटतो." "याच्यात जीवच नाही हो." त्यांना आता त्यात गोडी लागली होती. परीक्षकाची खुर्ची कुणाला नको असते? तो पहिला टायर तर त्यांनी स्वतःजवळच ठेवून घेतला होता. मुलीशी फोनवर बोलताना, मावशींच्या गप्पा ऐकताना, तो त्यांच्या उजव्या हातात असे. काटेसाहेबांनी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "बघतेय, कधी मऊ पडतो तो. ठेवला तर नुसताच वाळेल." काटेसाहेबांना ते पटलं. कपाटाच्या खालच्या खणात पिवळा चेंडू एकटाच हसत पडला होता, आणि त्याची दोघांनाही आठवण नव्हती.

शेवटी एका संध्याकाळी काकू स्वतःच ओट्याशी आल्या. काटेसाहेब डोळ्यांजवळ नळी धरून पूड मोजत होते.

"ठेवा ती नळी," काकू म्हणाल्या. "पातेलं ढवळा आणि मी सांगते तशी पूड घाला. घाला... अजून... थोडी अजून..."

"थोडी म्हणजे किती?"

"थोडी म्हणजे थोडी. अजून... बस!"

काटेसाहेबांनी हे सगळं केलं, पण डोळे मिटून. असलं मोजमाप उघड्या डोळ्यांनी बघणं त्यांच्यानं झालं नसतं.

सकाळी वाटी उपडी केली आणि साबण आपणहून ताटलीत उतरला. आरपार दिसणारा, जांभळा, बोट लावलं की लाजल्यासारखा हलणारा. काकूंनी दाबला. बोटं रुतली, साबण सुटला नाही. "हा," त्या म्हणाल्या. "हाच."

काटेसाहेबांनी तो फ्रीजमध्ये नीट गार केला, कारण मुलीनं बजावलं होतं की उबेत तो विरघळतो. दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी त्यांनी तो स्टीलच्या ताटलीत घालून बाथरूमच्या फळीवर नेऊन ठेवला. काकू आत गेल्या. कडी लागली. काटेसाहेब पेपर घेऊन बाहेर उभे राहिले.

शॉवर सुरू झाला. काटेसाहेब कान देऊन उभे. 'धप्' होईल, होईल... नाही झालं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू विजय पसरू लागला. आणखी थोडा वेळ गेला. अजून काही नाही. विजय ओसरला. इतके दिवस तो आवाज आला, की त्यांना कळायचं, साबण पडलाय पण ही उभी आहे, वाकतेय, शोधतेय. आता आतून नुसतं पाणी पडत होतं.

"अगं?"

पाणी.

"अगं ऐकतेस का?"

पाणी. काटेसाहेबांच्या हातातला पेपर गळाला. ताटलीतला तो गुळगुळीत साबण त्यांच्या डोळ्यांपुढे आला. तो फरशीवर पडला असेल. आवाजच होणार नाही त्याचा! पाय पडला असेल त्यावर. अरे देवा, मी काय करून बसलो! त्यांनी दार बडवायला सुरुवात केली. मावशी धावत आल्या. खालून विमावाले आले, त्यांच्या मागे चिटणीस. मावशी म्हणाल्या दार तोडा, चिटणीस म्हणाले दार इमारतीच्या मालकीचं आहे, विमावाल्यांनी "काकूंची पॉलिसी..." एवढंच म्हटलं आणि काटेसाहेबांचा चेहरा बघून ते गप्प झाले. काटेसाहेब रडत होते. सगळ्यांच्या देखत, नाक पुसायचंही भान नसलेलं रडणं.

कडी निघाली. दार उघडलं. ओल्या केसांच्या काकू अंगात गाऊन अडकवून दारात उभ्या. कानाला, कपाळाला फेस.

"काय झालं? आग लागली का कुठे?"

"तू... आवाज आला नाही..." काटेसाहेबांना पुढे बोलता येईना. "साबण..."

"तुमचा साबण? तो तिथेच आहे ताटलीत." काकू जरा ओशाळल्या. "रागावू नका हो. फ्रीजमधला तो, बर्फासारखा गार. कुडकुडायला लागले मी. हात लावला आणि ठेवून दिला. म्हटलं, आजच्या दिवस आपला जुनाच..."

आणि बोलता बोलता त्यांनी जुना साबण दाखवायला हात पुढे केला. उजवा हात. त्यात जुनी कडक वडी होती, ओली, फेसाळलेली, आणि पाचही बोटं तिच्याभोवती घट्ट मिटलेली.

सगळे त्या हाताकडे बघत राहिले. शेवटी काकूंनीही पाहिलं. मूठ उघडली, पुन्हा मिटली. साबण तिथेच. मावशींनी, आयुष्यात प्रथमच, कुठलाही सल्ला न देता विमावाल्यांना आणि चिटणिसांना दंडाला धरून बाहेर काढलं.

घरात दोघंच उरले. आत शॉवर तसाच चालू होता. काकूंनी मूठ उघडली, साबण तळव्याच्या मधोमध सरकवला, आणि हात एकदा अल्लाद वरखाली केला.

"पंच्याहत्तर ग्रॅम," काकू म्हणाल्या. "बघा तोलून."

काटेसाहेबांनी साबण टॉवेलनं कोरडा केला, दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघरात नेला आणि काट्यावर ठेवला. काटा हलला, डुलला, स्थिर झाला. नव्वद. त्यांनी साबण उचलून पुन्हा ठेवला. नव्वद.

"किती भरला हो?" काकूंचा आवाज आला.

काटेसाहेबांनी डोळे पुसले. "पंच्याहत्तर!" ते मोठ्यानं म्हणाले. "बरोब्बर!"

मग त्यांनी खात्यातली जुनी पेटी उघडली, तळाशी राहिलेली एक लाल चिठ्ठी काढली, आणि 'नादुरुस्त' असं लिहून ती काट्याला बांधली.